चढणारा ड्रम

टिचकीकाकांना टिचकी मारल्याशिवाय कुठल्या वस्तूची ओळख पटत नसे. कपाला टिचकी, दाराला टिचकी, कलिंगडाला तर दोन. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा काकांचा हात सवयीने त्याच्या कपाळाच्या दिशेने निघाला होता. बायकोने मध्येच पाण्याचा ग्लास धरला म्हणून ते लग्न ठरलं. पुढे कळलं, की मुलगा आगीच्या बंबखान्यात नोकरीला आहे आणि तिथल्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. काकांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान बंबखान्याच्याच गल्लीत. म्हणजे मुलगी घरातल्या घरातच दिली म्हणायची.

तोच साइड ड्रम आता चौथ्यांदा दुकानाच्या टेबलावर येऊन बसला होता.

"मामा, परत चढला," जावई म्हणाला. पोरगं नापास झाल्याचं सांगावं तसा.

काकांनी टिचकी मारली. टण्ण! खालच्या कातड्याला टेकलेल्या तारांची ती खर्रर्र, जिच्याशिवाय साइड ड्रम म्हणजे नुसता डबा, ती पार घशात अडकली होती.

चाळीस वर्षांत काकांनी उतरलेले ड्रम शेकड्यांनी पाहिले होते. वाजवून वाजवून बोल्ट सैलावतात, कातडं ढिलं पडतं, स्वर खाली येतो. माणसाचंही तेच होतं, त्यात नवल नाही. पण आपला आपण वर चढणारा ड्रम त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी कातडं बदललं. दुसऱ्यांदा वरचं कडं. तिसऱ्यांदा आठही बोल्ट नवे घातले. दुकानात ड्रम आठवडाभर गुणी बाळासारखा एका स्वरात राही, आणि बंबखान्यात गेला की चौथ्या दिवशी आकाशाला भिडे.

"सासरेबुवांकडे गरीब आणि जावईबापूंकडे तापट," बायको आतून म्हणाली. "कुणाच्या हातचा आहे ते बघा आधी."

दादांच्या हातचा होता. अडचण तीच होती. दादा म्हणजे काकांचे वडील. त्यांनी आयुष्यात अकरा ड्रम केले, लाकूड वाफेवर वाकवून, एकसंध. दहा कुठेकुठे गेले, त्यांचं काय झालं कुणास ठाऊक. हा अकरावा बंबखान्याने विकत घेतलेला, तो अजून वाजत होता. घेराच्या आतल्या बाजूला, ओल्या रोगणात उठलेला दादांचा अंगठा अजून दिसे.

"तीन दुरुस्त्यांनंतरही बिघडलं, की वस्तू निकामी," जावई खाली बघत म्हणाला. "मुख्यालयाचा नियम आहे, मामा. शनिवारी आमचे साहेब निवृत्त होतायत, त्यांच्या निरोपाची परेड आहे. मुख्यालयाचा अधिकारी येऊन स्वतः ऐकणार. हा असा वाजला तर भंगारात."

"पाण्याच्या पाइपाला आणि ड्रमला एकच नियम?"

"रजिस्टर एकच आहे ना."

काकांनी ड्रम पुन्हा स्वरात लावला आणि गुरुवारी सकाळी स्वतःच घेऊन बंबखान्यात गेले. मांडणीवर ठेवला, समोर बाक ओढला आणि चोर पकडायला बसले.

चोर राजरोस आला. पाळी बदलली तसा कामावरचा एक जण हातात पाना घेऊन निघाला. बंबाची चाकं, शिडीचे नट, पाइपांचे जोड, सगळ्यांना एकेक चिमटा पीळ देत देत तो मांडणीपाशी पोचला, आणि त्याच भक्तिभावाने त्याने ड्रमचे आठही बोल्ट पिळले. दिवसाला तीन पाळ्या. तीन पाने.

"अहो, अहो! हे काय करताय?"

"तपासणी, काका." तो प्रेमाने म्हणाला. "यादीत आहे."

काका तडक साहेबांच्या खोलीत शिरले. ड्रम म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, बोल्ट घट्ट असणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. त्याला तीनच बोटं होती.

"एक नट ढिला होता, काका," ते म्हणाले. "माझी दोन बोटं गेली. माझ्या पुढे जो उभा होता, तो सगळाच गेला. तेव्हापासून इथे नट दिसला की हात जातो. मी सांगितलं तरी थांबायचा नाही."

"मग यादीतून तरी काढा हो ड्रम."

"तो अधिकार मुख्यालयाचा. अर्ज करा. सहाएक महिन्यांत उत्तर येतं."

काका परत मांडणीपाशी आले. खिशातून ड्रमची चावी काढून त्यांनी आठही बोल्ट पुन्हा जागेवर आणले. मग पाणी प्यायला नळापर्यंत गेले आणि आले. तेवढ्यात तिथून जाणारा एक धिप्पाड गडी शेवटचा बोल्ट पिळत होता.

"ढिला झाला होता, काका," तो हसून म्हणाला. "बरं झालं, माझं लक्ष गेलं."

आता रागवायचं तरी कुणावर? काका ड्रम बगलेत मारून दुकानात आले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत तीन पाळ्या. दर बोल्टाला तीन चिमटे. एक जण डावरा, त्याचा पीळ जरा जास्त. येता-जाता हात लावणाऱ्यांसाठी वेगळी सूट. सगळा हिशेब मांडून त्यांनी ड्रम बरोबर तितकाच उतरवला. टिचकी मारली तर भद्द आवाज आला, ओल्या पोत्यावर पाय पडावा तसा. चाळीस वर्षांत बिघडवलेलं वाद्य त्यांनी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या हाती दिलं. देताना घेरातल्या अंगठ्याकडे बघणं टाळलं.

शनिवारी साडेनऊला ते बंबखान्यात पोचले. भीत भीत टिचकी मारली.

खर्रर्र! काय स्वर लागला होता! खुद्द दादांना जमला नसता, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्यांनी मनातल्या मनात कान पकडले.

परेड दहाला होती. दहाला पाच कमी असताना घंटा घणघणली. बँडवाले म्हणजे शेवटी बंबवालेच. बिगुल बाकावर, झांजा जमिनीवर, ड्रम खुर्चीवर टाकून सगळे बंबावर चढले. नोकरीचा शेवटचा दिवस असून साहेबही चढले. मागे राहिले काका, ड्रम आणि घड्याळाकडे बघणारा मुख्यालयाचा अधिकारी.

अकरा झाले, बारा झाले. एक झाला. काका ड्रम मांडीवर घेऊन बसून राहिले. दोनला पाळी बदलली आणि नव्या पाळीचा एक जण हातात पाना घेऊन समोर येऊन उभा राहिला.

"काका, द्या."

"आजच्या दिवस राहू दे की रे," काका म्हणाले. एवढ्या मऊ आवाजात ते बायकोशीही कधी बोलले नव्हते. "लागलाय बघ तो. आत्ता बरोबर लागलाय."

पानावाला घुटमळला. "तुम्ही म्हणत असाल तर सोडतो. आजवर एकही सोडला नाही मी. पण तुम्ही वडीलधारे."

तेवढ्यात बंब आत आले. वरच्या शिडीवरून जावई उतरला. तोंड काळंठिक्कर, डोळे लाल. सासऱ्यांना बघून त्याने हात हलवला आणि खोकत खाली बसला. काकांनी शिडीकडे पाहिलं. तिला किती नट होते देव जाणे. दर पाळीला कुणीतरी एकही न सोडता पिळले होते. या हाताला आज एक सोडायला शिकवायचं? आणि तेही आपण?

त्यांनी ड्रम पुढे केला. "घे. सगळे बघ."

त्याने सगळे बघितले. नीट.

काकांनी घाईघाईने चावी काढली. दोन बोल्ट सैल केले असतील नसतील, तोच अधिकारी ओरडला, "चला, आटपा! मला गाडी गाठायचीय." बिगुल वाजला. जावयाने तोंडावर पाणी मारून ड्रम गळ्यात अडकवला. सहा बोल्ट एकीकडे आणि दोन दुसरीकडे, अशा अवस्थेत दादांचा अकरावा ड्रम पत्र्याच्या बादलीसारखा वाजला. अधिकाऱ्याने कानात बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने लिहिलं: निकामी.

"मग मी नेऊ का हो घरी?" काकांनी विचारलं.

"निकामी वस्तू बाहेर देता येत नाही."

ड्रम मागच्या भंगारखोलीत गेला. भंगारखोलीही यादीत होतीच. दिवसाला तीन पाळ्या, तीन पाने.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी, दोन वाजून गेल्यावर, काका दुकानात बासरी पुसत बसले होते. गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. फट्ट! बायको दचकून बाहेर आली. काका पुसतच राहिले.

संध्याकाळी जावई आला. 

"मामा, कातडं गेलं. कडंही वाकलंय."

"आणि घेर?"

"घेराला काही झालं नाही. मी आत हात घालून बघितलं. अंगठा पण आहे."

काकांनी मान हलवली. समोरच्या टेबलाला टिचकी मारली. मग त्यांचं बोट आपसूकच टेबलाच्या कडेच्या स्क्रूवर गेलं. किंचित ढिला होता. त्यांनी तो पिळला.