दोन राजदूत, एक सेट

ओसरीवर ठण्णकन परात वाजली आणि दुपारची सामसूम मोडली. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, धुळ्याहून आणलेला चेन-स्प्रॉकेटचा सेट माझ्या कणकेच्या परातीत ओतला होता. नवी चेन, पुढचं लहान दातेरी चाक, मागचं मोठं. दुकानात तेवढा एकच उरलेला.

घरात राजदूत मोटरसायकली मात्र दोन. एक जेठांची, एक ह्यांची. दोन्ही जुन्या, दोन्हींची चेन चालता चालता उतरायची. आणि आखाजी तोंडावर आलेली. सणाला मला फैजपूरला माहेरी जायचं होतं, जाऊबाईंना अमळनेरला. नवऱ्याच्या गाडीवरून गल्लीत उतरायचं, आयाबायांनी दारात येऊन बघायचं. जाऊबाई दर आखाजीला तशा उतरत आल्या. मी यष्टीतून पिशव्या सांभाळत.

नानांनी टरबुजाच्या फोडी कराव्यात तशी वाटणी केली. चेन मोठ्याला, चाकं धाकट्याला. चकाकत होती ती चेनच. ती जाऊबाईंच्या, सुंदरबाईंच्याच पदरात पडणार, दुसरं काय.

सेट बसवायला आलेल्या नथ्थू मिस्त्रीनं नकारार्थी मान हलवली. ह्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाचे दात त्यानं दाखवले, घासून घासून विळ्यासारखे वाकलेले. असल्या दातांवर नवी चेन लगेच ढिली पडते आणि जुनी चेन नव्या दातांना खाते, असं तो समजावत होता. शेवटी म्हणाला, "जोडी शे ती, नाना. बठ्ठं एकच गाडीले बसाडा."

कोणाच्या, ते कोणी विचारेना. मी लेकीच्या, छबीच्या वेणीला रिबन बांधत होते, हात थांबला. मला हवं होतं. भांडून मिळालं असतं तरी चाललं असतं.

सुंदरबाई पापड लाटत होत्या. पोळपाटावरची नजरही न काढता म्हणाल्या, "धाकलीले द्या. तिन्हं माहेर लांब शे. मी यष्टीमा जासू."

नाना त्यांच्याकडे कौतुकानं बघतच राहिले. माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. ह्यांचासुद्धा चेहरा खुलला. म्हणजे मी गाडीवरून उतरेन तेव्हाही मोठेपण जाऊबाईंचंच.

"माले नको," मी जाऊबाईंकडे बघत म्हणाले. "अक्कानीच गाडीले बसाडा."

नथ्थू परात उचलून जेठांच्या गाडीकडे गेला. मला कोणी पुन्हा विचारलं नाही.

छबी माझ्या मांडीत वळली. तिच्या कपाळावरचे केस मी मागे सारले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"माय, तुले तं गाडीवर जानं व्हतं ना? मग नको काबरं म्हनी?"