बेडूक चाळीस, गाढव दहा

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. म्हणजे पाऊस मोजायचं यंत्र. हे मुद्दाम सांगतो, कारण मित्रांनो, गेल्या अठरा वर्षांत मला कोणी कचऱ्याचा डबा समजलं, कोणी टपालपेटी समजलं, आणि मधल्या सुट्टीत क्रिकेट खेळणाऱ्यांनी मला स्टंप समजून रोज चेंडू मारले. कपाळावर हात मारून घ्यावा तर मला हात नाहीत. जे आहे ते एक पोट आणि आभाळाकडे वासलेलं तोंड.

माझी रचना अगदी साधी. जस्ताच्या पत्र्याचं नळकांडं, वर पितळी काठाचं नरसाळं आणि आत काचेची बाटली. नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत जमतो. रोज सकाळी साडेआठला कोणीतरी यायचं, बाटलीतलं पाणी खुणा केलेल्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. बस्स. यात न जमण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

१९९१ साली एका संस्थेनं मला गडहिंग्लजच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या शाळेला भेट दिलं. गावाला काय आनंद झाला! नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, माझ्या तोंडावर झेंडूचा भलामोठा हार घातला. तो हार वाळून गळून पडेपर्यंत कोणी काढला नाही. माझ्या आयुष्यातला पहिला पाऊस झेंडूनंच पिऊन टाकला.

त्याहून पुढची गंमत ऐका. गुंडू सरपंचांना माझी फार काळजी. ते म्हणाले, "एवढं चांगलं यंत्र, भिजून गंजंल की ओ! पावसात उभं करायचं व्हय त्येला?" आणि त्यांनी चार बांबू रोवून माझ्यावर पत्र्याचं छप्पर घातलं. पर्जन्यमापकावर छप्पर! दोन महिने मी धो धो पावसात ठणठणीत कोरडा उभा होतो. शेवटी तालुक्याहून एक साहेब आले, त्यांनी डोक्याला हात लावला आणि छप्पर काढायला लावलं. गुंडू सरपंच त्यावर वर्षभर रुसले होते.

वहीचं काम दत्तोपंत गुरुजींकडे होतं. गुरुजी मनानं वाईट नव्हते. अक्षर मोत्यासारखं, वहीला खाकी कव्हर, कुठं खाडाखोड नाही. फक्त ते राहायचे गडहिंग्लजला आणि त्यांची एसटी गावात पोचायची पावणेअकराला. साडेआठ वाजता माझ्याजवळ असायची ती एक शेळी. पावणेअकरापर्यंत ऊन पडून बाटलीतलं थोडं पाणी उडालेलं असे, रविवारी तर शाळाच नसे, आणि मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सगळाच आनंद. त्यात पहिल्याच पावसाळ्यात मापाची काच फुटली. नवी मागवायला अर्ज करावा लागला असता. गुरुजींनी अर्ज केला नाही, पंचांग आणलं.

मित्रांनो, पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन दिलेलं असतं हे तुम्ही घरी ऐकलं असेल. यंदा मृग बेडकावर बसून येणार, आर्द्रा गाढवावर. बेडूक, म्हैस, हत्ती असले की पाऊस चांगला, आणि कोल्हा असला की हुलकावणी, असं लोक म्हणतात. घरोघरी ओसरीवर बसून हे वाचायला माझी काही हरकत नाही. पण गुरुजी त्यावरून वही भरायला लागले. वाहन बेडूक असेल तर आठवड्यातून दोन दिवस चाळीस मिलिमीटर. म्हैस असेल तर पस्तीस. गाढव दहा. कोल्ह्याला शून्य. इकडे माझी बाटली कोरडी आणि तिकडे वहीत बेडूक चाळीस! इकडे एका रात्रीत बाटली भरून वाहते आणि वहीत गाढवाचे दहा! मी आतल्या आत किती तडफडलो असेन. ओरडायला तोंड होतं, पण त्यातून आवाज येत नाही.

अशी बारा वर्षं गेली. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत माझी बाटली निम्मीसुद्धा भरली नाही. नेमकी किती भरली, ते फक्त मला ठाऊक होतं. वहीत मात्र म्हशी डुंबत होत्या.

२००३ च्या जूनमध्ये धम्मपाल सर नावाचे नवे शिक्षक आले. मूळचे उचगावचे, पण त्यांनी गावातच खोली घेतली. पहिल्याच सकाळी साडेआठला माझ्यापुढं उभे राहिले, नरसाळ्यातला पालापाचोळा काढला, बाटली घासून धुतली. नवं माप स्वतः कोल्हापूरहून घेऊन आले. मला रडू आलं असतं, पण माझ्या पोटात तेव्हा थेंबभर पाणी नव्हतं. दत्तोपंतांनी वही त्यांच्या हाती दिली आणि सुटकेचा श्वास सोडला.

शाळेच्या कुंपणापलीकडं आक्काताईंचं वीस गुंठे रान आहे. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच ते कसतात. त्या वर्षी त्यांनी निम्म्या रानात कापूस लावला होता. परभणीला दिलेल्या बहिणीनं बियाण्याचं पाकीट पाठवलं होतं, नव्या बीटी कापसाचं. आमच्या बाजूला ऊस, शाळू, मिरची, भुईमूग. कापूस कोणी पाहिलेला नाही. बायका कुंपणाशी थांबून बघायच्या. आक्काताई ओढ्यातल्या डबक्यातून घागरीनं पाणी आणून एकेक झाड जगवत होत्या, कारण पाऊस नव्हता. बाकीच्या निम्म्या रानात पेरणीच झाली नव्हती. त्या दहा गुंठ्यांवर त्यांचं सारं वर्ष उभं होतं.

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. गावाला कारण हवं होतं, आणि कारण कुंपणापलीकडं हिरवंगार उभं होतं.

"त्या बीत किडा घातलाय म्हणं," गुंडू सरपंच पारावर सांगू लागले. "त्या झाडावरनं जो वारा जातोय, त्यो ढगास्नी मारतोय. बीटी आलं आन् पाऊस गेला. आता आणि काय पुरावा पायजे?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसला हा पुरावा. पण गाव मान डोलवत होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली, माझ्यापासून दहा पावलांवर. विषय एकच. आक्काताईंचा कापूस उपटायचा.

धम्मपाल सर उभे राहिले. "किडा न्हाय ओ सरपंच. मातीत एक जीवाणू असतोय. त्याचा एक गुण, म्हणजे त्याचं जनुक, शास्त्रज्ञांनी कापसाच्या बीत घातलंय. त्यामुळं बोंडअळी बोंड खाऊन मरते. ह्या बियाण्याबद्दल शंका जरूर विचारा. दुसऱ्या किडींचं काय, मातीचं काय, अळीच पुढं त्याला सरावली तर काय. मलाबी सगळी उत्तरं ठाऊक न्हाईत. पण दहा गुंठ्यांतलं झाड ढग पळवत न्हाय."

"मग पाऊस का फिरला?" कोणीतरी विचारलं.

"कोळसा, डिझेल, पेट्रोल, समदं जग रातंदिस जाळतंय. त्याचा वायू वर साठतोय. थंडीत आपण एकावर एक वाकळ घेतो, तशा पृथ्वीवर वाकळा चढत्यात. आतली ऊब बाहेर जाईना. जग तापलं की पावसाची घडी विस्कटायला लागते. पण ह्याच वर्षाचा दुष्काळ त्यानंच पडला, असंबी मी म्हणणार न्हाय. एका वर्षावरनं काय ठरत न्हाय. तीस वर्षांची नोंद लागती."

इतकं सरळ बोलणारा माणूस मी प्रथमच पाहिला. आक्काताई मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. "मग नोंद हाय की शाळंत. वही आणा. आधीच्या सालांत पाऊस कमी हुता का न्हाय, बघा. कमी असंल तर माझ्या कापसाचा दोष न्हाय. जास्त असंल तर मीच उपटतो."

 अहो आक्काताई, ती वही नका मागू!

वही आली. गुंडू सरपंचांनी मोठ्यानं वाचली. दोन हजार साल, मृग, चाळीस, चाळीस, चाळीस. दोन हजार एक, पस्तीस, चाळीस. दोन हजार दोन, पुन्हा चाळीस. आणि मग धम्मपाल सरांच्या अक्षरातलं यंदाचं पान: शून्य, शून्य, दोन, शून्य. बारा वर्षांची खोटी पानं आणि एक खरं पान. आणि त्या खऱ्या पानानंच घात केला. बीटी आलं त्याच साली पाऊस तुटला, असं पांढऱ्यावर काळं दिसत होतं. आधीची सालंही कोरडी गेल्याचं ज्यांना आठवत होतं, त्यांनीही लेखी आकड्यालाच मान दिला.

धम्मपाल सरांनी वही हातात घेऊन पानं मागं उलटली. चाळीस, दहा, चाळीस, दहा. पाऊस कधी असा पाढ्यासारखा पडतो का? त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान वर करून दत्तोपंतांकडं पाहिलं. "गुरुजी, हे तुम्ही मोजलेलं हाय न्हवं?"

दत्तोपंतांच्या निवृत्तीचा सत्कार एकतीस ऑगस्टला ठरला होता. शाल आली होती, सरपंचांचं भाषण तयार होतं. गुरुजींनी चष्मा पुसला. "वहीत आहे ते आहे," ते म्हणाले आणि खाली बसले. सरांकडं दुसरा पुरावा नव्हता.

मित्रांनो, मी तिथंच होतो. दहा पावलांवर. खरं काय ते माझ्या पोटात होतं आणि मला विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

आक्काताई शब्दाला जागल्या. त्याच दुपारी त्यांनी कापूस उपटला. पहिली ओळ त्यांनी एकटीनं उपटली, मग बाकीचं गाव हात लावायला धावलं. झाडांना बोंडं धरली होती. धम्मपाल सर "थांबा, थांबा" करत बांधावर नुसते फिरत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी कुंपणावरून पाहिलं.

आणि पाऊस? तो आला नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. गुंडू सरपंच म्हणाले, "मुळं ऱ्हायली असतील जमिनीत." काय बोलावं या माणसाला!

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी माझ्यापुढं कोणीतरी येऊन उभं राहिलं. दत्तोपंत होते. पहिली एसटी पकडून आले होते. साडेआठ वाजले होते. बारा वर्षांत प्रथमच! त्यांच्या पिशवीत बारा पंचांगं होती. त्यांनी कुंपणावरून आक्काताईंना हाक मारली, धम्मपाल सरांना बोलावणं पाठवलं आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. बेडूक, म्हैस, गाढव, सगळं.

 आक्काताई म्हणाल्या, "त्या दिशी त्वांड शिवलंतं काय, गुर्जी?"

"सत्कार होता," गुरुजी म्हणाले. 

"शाल उबदार हाय का?"

गुरुजी रडले. आक्काताई नाही रडल्या. गुरुजींनी वही उघडली आणि बारा वर्षांच्या प्रत्येक पानावर लाल शाईनं लिहिलं: हे आकडे मोजलेले नाहीत. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी हेच उभं राहून सांगितलं. गाव ते ऐकून नळाच्या विषयाकडं वळलं.

"ह्यापुढं मी मोजतो," आक्काताई सरांना म्हणाल्या. "मला आकडं येत्यात. साडेआठला मी रानातच असतो."

तेव्हापासून त्या मोजतात. २००५ च्या जुलैत आभाळ फाटलं. ओढा शाळेच्या पटांगणात शिरला आणि पाणी माझ्या गळ्याच्या वर चढलं. आक्काताई डोक्यावर पोतं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून साडेआठला आल्या. माझ्या पोटात पाऊस कुठला आणि ओढा कुठला, सांगता येत नव्हतं. कोरड्या व्हरांड्यात बसून त्यांनी त्या दिवसापुढं लिहिलं: 'ओढ्याचं पाणी मिसळलं. पाऊस किती ते ठावं नाही.' त्या वहीतली इतकी सुंदर ओळ मी दुसरी पाहिली नाही.

परवा गुंडू सरपंच पेपर घेऊन आले. आता ते माजी आहेत. बीटी वांग्यावरून देशभर वाद पेटला आहे ना. "आक्काताई, वही काढ. बीटीनं पाऊस बिघडतोय ते दाखवू."

"वांग्याचं भांडण वांग्याशी भांड, सरपंच," आक्काताई म्हणाल्या. "खायला बरं हाय का, बी कुणाच्या हातात जाणार, खुशाल इचार. मीबी इचारणार हाय. पावसाचं म्हणशील, तर वही सहा वर्साची हाय. तीस लागत्यात."

"आन् ही आधीची बारा?"

आक्काताईंनी लाल शाईच्या पानांवरून नुसता हात फिरवला.

मित्रांनो, ती बारा वर्षं असती तर आज अठरा झाली असती. तो पाऊस माझ्या पोटात पडला होता, कोणी बघितला नाही, आणि आता तो कितीही हुशार शास्त्रज्ञ आला तरी मोजता यायचा नाही. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. माझी पूजा करू नका, माझ्यावर छप्पर घालू नका. साडेआठला या. उशीर झाला तर उशीर झाला असं लिहा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं लिहा, त्यात कसली आली आहे लाज? पण मनाचा आकडा लिहू नका. तो कोणाच्या रानात जाऊन काय उपटेल, तुम्हाला कळणार नाही.

कुंपणापलीकडं आता मिरची आहे. आक्काताईंनी कापूस पुन्हा लावला नाही.