नऊ फेब्रुवारीचा बिघाड

शून्य म्हणजे बिघाड. लक्षात राहत नसेल तर हातावर गोंदवून घे, असं लायलने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. लायल आमच्या कॉलेजच्या गणकयंत्राचा मेकॅनिक, आणि मी व्हर्ना हाल्वरसन, ते चालवणारी. यंत्राला कागदोपत्री भारदस्त नाव होतं, पण आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. चार कपाटांएवढं धूड, पोटात अडीच हजार काचेच्या ट्यूबा. त्यातली एक जरी गेली तरी म्हातारी आकडेमोड सोडून नुसती शून्यं छापत बसायची.

सोमवार ते शुक्रवार ती इतरांची कामं करायची. शनिवारची दुपार मात्र प्रोफेसर ऑरिन ट्वेट यांची, कारण शनिवारी दुपारी मिनेसोटातली शहाणी माणसं तळ्यावर मासे धरायला जातात. प्रोफेसरांना मासे नको होते, मूळ संख्या हवी होती. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी. तीही साधीसुधी नाही, आजवर जगात कुणालाच सापडली नाही एवढी मोठी. दोन घ्यायचे, त्यांना दोनाने गुणत सुटायचं, हजारो वेळा, आणि शेवटी एक वजा करायचा. जे येईल ते मूळ आहे का, हे म्हातारीला विचारायचं. म्हातारी चार तास खडखडायची आणि एक बाकी छापायची. ही कसोटी नेहमीच्या भागाकारापेक्षा उलटी: बाकी शून्य आली तर मूळ संख्या, नाहीतर पुढच्या शनिवारी पुढची.

"म्हणजे तुम्हाला हवं ते उत्तर आणि बिघाड, दिसायला दोन्ही सारखंच?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"देवाला थट्टेची आवड आहे, व्हर्नाबाई," प्रोफेसर म्हणाले. ते लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे देवाबद्दल असं बोलायची त्यांना मुभा होती.

दुसऱ्या वर्षी शून्य आलं. प्रोफेसरांनी लायलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तडक पेपरवाल्याला फोन लावला. पहिल्या पानावर फोटो आला, टाय तिरका. सोमवारी लायलला गेलेली ट्यूब सापडली. मग काय, रविवारी चर्चमधल्या कॉफीला जो तो विचारायचा, "काय प्रोफेसर, आज किती शून्यं?" दातांच्या डॉक्टरनेसुद्धा त्यांच्या दाढेतलं भोक दाखवून, हे तरी खरं आहे ना, म्हणून विचारलं. प्रोफेसर हसले, पण त्यानंतर चार महिने ते कॉफीला थांबले नाहीत.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. प्रोफेसरांनी ताकच सोडलं. मला लेखी सूचना दिली: शून्य आल्यास मला कळवू नये. बिघाडवहीत नोंद करावी, लायलला दाखवावं, दुरुस्तीनंतर तीच संख्या पुन्हा चालवावी. दुसऱ्यांदाही शून्य आलं तरच मला बोलवावं. खाली सही.

मी अक्षरशः तसंच वागले. पुढच्या सहा वर्षांत शून्य बरेचदा आलं, आणि पुन्हा चालवलं की दरवेळी आकड्यांची खिचडी.

आठव्या वर्षी मे महिन्यात बातमी आली. कॅलिफोर्नियातल्या एका गणितज्ञाला, त्याच्या नव्याकोऱ्या चपळ यंत्रावर, जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली होती. प्रोफेसरांनी दारातच उभं राहून बातमी वाचली. "बरंय की," म्हणाले, "कष्टाळू दिसतोय माणूस." आमच्याकडे याहून मोठ्याने कुणी रडत नाही.

जूनमध्ये ते निवृत्त होणार होते, आणि म्हातारीही भंगारात जाणार होती. शेवटचा एक शनिवार उरला. त्यासाठी त्यांनी एक संख्या निवडून ठेवली, कॅलिफोर्नियावाल्याच्या संख्येहून मोठी.

शुक्रवारी मी आवराआवर करत होते. माझ्या बिघाडवहीत नऊ फेब्रुवारीची ओळ दिसली: शून्य, बिघाड. शेजारचा 'बिघाडाचं कारण' हा रकाना कोरा. म्हटलं, लायलला विचारून भरून टाकू.

"नऊ फेब्रुवारी?" लायलने आपली वही चाळली. "काही नाही. सगळ्या ट्यूबा तपासल्या, म्हातारी ठणठणीत. चिठ्ठी ठेवली होती की तुझ्या टेबलावर."

"त्याच्या पुढचा आठवडा मी डुलुथला होते. बहिणीचं लग्न होतं."

"मग आल्यावर वाचली नाहीस?"

नव्हती वाचली. शून्य म्हणजे बिघाड, बिघाड म्हणजे आता दुरुस्त झाला असेल, असं समजून मी सरळ पुढची संख्या लावली होती. ती एक मी पुन्हा चालवलीच नव्हती. लायलने शीळ घातली, आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की ती अर्ध्यात थांबली.

शनिवारी प्रोफेसर आले ते खिशात संख्येचा कागद घेऊन. मी कोटही काढू दिला नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ते बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावत राहिले. "आठ वर्षांत तुम्ही माझी एकही गोष्ट विसरला नाहीत, व्हर्नाबाई," शेवटी म्हणाले, "आणि विसरलात ती नेमकी ही."

"हो."

"पाच वाजता वीज तोडणार आहेत. एकच संख्या चालेल. माझी नवी चालली तर कॅलिफोर्नियाच्या पुढे जायची आशा तरी आहे. तुमची जुनी खरी निघाली तरी त्याच्यापेक्षा लहान. मग उपयोग काय तिचा?"

"उपयोग मला आहे," मी म्हणाले. "नाहीतर ते शून्य कसलं होतं, हा प्रश्न मला मरेपर्यंत पुरेल. पण शनिवार तुमचा आहे. तुम्ही म्हणाल ती लावते."

त्यांनी खिशातला कागद काढला, पाहिला, पुन्हा घडी घालून आत ठेवला. "जुनी लावा," म्हणाले.

चार तास तिघांत मिळून वीस वाक्यं झाली असतील. मी आणलेल्या रुबार्बच्या आंबटगोड पाईचे दोन तुकडे प्रोफेसरांनी चव न घेता खाल्ले. पाचला वीस कमी असताना म्हातारी खडखडली.

शून्य.

मग लायलने एक छोटी संख्या लावली, जिचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मिनिटभरात ते बरोबर छापून आलं. म्हातारी ठणठणीत होती.

"दोनदा," प्रोफेसर खुर्चीत बसत म्हणाले. "दोनदा शून्य."

"गाल तयार आहेत," लायल म्हणाला. मला रडूच फुटलं.

या धंद्यात दुसऱ्याच्या यंत्रावर पडताळा घेतल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून प्रोफेसरांनी संख्या पाठवली कुणाला, तर त्या कॅलिफोर्नियावाल्यालाच. दोन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं: मूळ आहे, अभिनंदन. आणि एक प्रश्न. शोधाची तारीख कोणती लिहू? फेब्रुवारी असेल तर माझी संख्या येईपर्यंत, तीन महिने, तुमची जगात सर्वांत मोठी होती. जून असेल तर एक दिवसही नव्हती.

"फेब्रुवारी लिहा," मी म्हणाले. "तेव्हा म्हातारीने छापलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय, वहीत शाईने नोंद आहे."

"यंत्राने छापणं म्हणजे शोध नाही. माणसाने ओळखायला हवं. तुम्ही ओळखलंत?"

"नाही."

"मग जून." त्यांनी जून लिहिलं, आणि खाली नावं लिहिली दोन: हाल्वरसन आणि ट्वेट.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. आठ वर्षं एका गोष्टीसाठी झुरायचं आणि हातात आल्यावर प्रामाणिकपणाचं लोणचं घालायचं, असं बरंच काही मी बोलले. "ते तीन महिने तुमचे होते," शेवटी म्हणाले, "आणि ते मी घालवले. माझं नाव कशाला लिहिता तिथे?"

"बिघाडवही द्या," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी नऊ फेब्रुवारीची ओळ काढली, कोऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

बिघाडाचं कारण: ऑरिन ट्वेट यांची लेखी सूचना.

खाली सही होती, तीच. मी वाचत असताना त्यांनी विचारलं, ती पाई पुन्हा कधी करणार, त्या दिवशी तिची चव कळलीच नाही.