बॉयलर सुरक्षित आहे

सरकारने छोट्या धंद्यांवरची तपासणी उठवली, ही बातमी गल्लीत सगळ्यांत आधी न्हाव्याने आणली. त्याच्या दुकानात रेडिओ दिवसभर चालू असे, आणि गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून बातम्या सांगायची त्याला खोड होती. त्या अवस्थेत कोणी वाद घालत नाही. त्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. गिऱ्हाइकाला तसंच फेसात बसवून तो शेजारच्या लॉन्ड्रीच्या दारात आला.

"वहिनी, सुटलात! आता साहेब येणार नाही. ज्याची जागा लहान, माणसं मोजकी, त्याने स्वतःच लिहून द्यायचं, की माझ्याकडे सगळं ठीकठाक आहे. बस्स."

लॉन्ड्रीच्या मालकिणीला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. लॉन्ड्री तिच्या नवऱ्याने उभी केली होती. तो आजारपणात गेला, तेव्हा परवाना तिच्या नावावर झाला आणि बॉयलर धाकट्या दिराच्या हाती आला. बोलण्यात, चालण्यात, जेवण्यात हा दीर सदा घाईत, म्हणून त्याला एक्सप्रेस म्हणत. जाऊ चादरींच्या घड्या घालायची, आणि वाफेच्या इस्त्रीयंत्रांवर तिघी बायका कामाला होत्या.

बातमी ऐकून एक्सप्रेसने खांद्यावरचा पंचा हवेत उडवला. "गेला एकदाचा! आता आपणच साहेब."

साहेबाबद्दल कोणाला माया नव्हती. वर्षातून एकदा तो यायचा, पंख्याखालची खुर्ची पकडायचा, वाळूची बादली चुकीच्या कोपऱ्यात ठेवली म्हणून तोंडाचा पट्टा सोडायचा. तोवर त्याचे शर्ट कडक इस्त्री होऊन तयार व्हायचे. मग तो विचारायचा, "बॉयलर काय म्हणतोय?" एक्सप्रेस म्हणायचा, "मजेत आहे." साहेब सही ठोकून शर्ट काखेत मारून निघून जायचा. मागच्या खोलीचा उंबरा त्याने गेल्या काही वर्षांत ओलांडलाच नव्हता.

नव्या कायद्याचा पहिला फायदा आठवड्याभरातच दारात आला. मोठ्या रस्त्यावर नवं हॉटेल उघडत होतं. त्यांच्या सगळ्या खोल्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे, सगळं काम एकाच लॉन्ड्रीला द्यायचं होतं. मॅनेजरने जागा पाहिली, काम पाहिलं, मान डोलावली. आता फक्त वहिनीने नव्या नियमाप्रमाणे सही केलेला कागद हवा होता. तो न्यायला मॅनेजर दुपारी येणार होता.

वहिनी कागद घेऊन बसली. एकच वाक्य होतं: माझ्या ताब्यातील बॉयलर मी स्वतः तपासला असून तो सुरक्षित आहे. खाली सहीची जागा. तिने पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"भावोजी," तिने मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "तपासलाय ना हो तुम्ही?"

"तपासायचं काय त्यात?" एक्सप्रेस बाहेर आला. "रोज त्याच्याशी संसार करतोय मी."

"तसं नव्हे. हे होते तेव्हा अधूनमधून तो व्हॉल्व्ह उडवून बघायचे. केवढ्याने वाफ सुटायची! माझ्या तर छातीत धस्स व्हायचं. तो आवाज कानावर येऊन किती दिवस झाले."

एक्सप्रेसने पंचा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. "दादाची गोष्ट वेगळी. वाफ फुकट जाते त्यात, वहिनी."

घडी घालणाऱ्या जावेचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मग आज जाऊ दे फुकट," वहिनी म्हणाली. "मी सही करायच्या आत मला एकदा ऐकवा."

"आत्ता? तो माणूस येऊन टपकेल इतक्यात! वहिनी, तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुमच्यावर आहे. सही बॉयलरसाठी करायची आहे."

एक्सप्रेसला हे वर्मी लागलं. तो तसाच आत गेला आणि भट्टीत लाकडं कोंबल्याचा धाडधाड आवाज येऊ लागला. वहिनीने यंत्रांची वाफ बंद करून तिघी बायकांना रस्त्यावर उभं केलं. मग ती न्हाव्याकडे गेली. त्याची मागची भिंत आणि बॉयलरच्या खोलीची भिंत एकच. त्या भिंतीची फुकटची ऊब त्याचं थंडीतलं भांडवल होतं.

"जरा बाहेर या सगळे. बॉयलरची परीक्षा घेतोय."

"माझं गिऱ्हाईक अर्धं झालंय, वहिनी."

"अर्धं तर अर्धं. उठवा त्याला."

तिच्या आवाजात असं काही होतं, की गिऱ्हाईक स्वतःच उठून फेसासकट रस्त्यावर आलं.

वहिनी परत आली तेव्हा मागच्या खोलीत धग अंगावर येत होती. बॉयलर उभा, काळा, माणसापेक्षा उंच. काचेच्या नळीत पाणी बरोबर होतं, तेवढं तिलाही कळत होतं. तबकडीवरचा काटा चढत होता. लाल रेघ ही त्याची हद्द. रेघेला टेकताच व्हॉल्व्हने आपोआप उघडून जास्तीची वाफ बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम.

काटा रेघेला टेकला.

"आता उडेल," एक्सप्रेस म्हणाला.

काटा रेघेवर थरथरला आणि पुढे सरकला. व्हॉल्व्ह गप्प होता. पत्र्यातून कुठेतरी बारीक टकटक ऐकू आली.

"उडेल आता," तो पुन्हा म्हणाला, पण या खेपेला स्वतःशीच. वहिनीने काट्यावरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमी तोंडभर बोलणाऱ्या त्या माणसाच्या ओठांना रंग उरला नव्हता. त्याने हाताला पंचा गुंडाळला आणि व्हॉल्व्हचा दांडा खेचला. दांडा हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळला, तरी हलेना.

"अडकलाय," तो म्हणाला. "वहिनी, पळा तुम्ही!"

पळावंसं तिला वाटलं. पाय दाराकडे वळलेही. पण पुढच्या खोलीपलीकडे रस्ता होता आणि रस्त्यावर तिनेच उभी केलेली माणसं. "आग आवरा!" ती ओरडली. "वाफ मी यंत्रांतून सोडते!"

एक्सप्रेसने भट्टीची हवेची खिडकी लाथेने बंद केली आणि राखेची घमेली जाळावर उपडी करू लागला. वहिनी पुढच्या खोलीत धावली. पहिल्या इस्त्रीयंत्राच्या नळाची चकती तिने पकडली.

"हळू!" आतून आवाज आला. "हळूहळू फिरवा, झटका देऊ नका!"

झटका न देता फिरवायची म्हणजे काय, ते हातांना समजावणं कठीण होतं. चकती तापलेली होती. तिने ती जराशी फिरवली. यंत्राने फुत्कार टाकला. आणखी जराशी. खोली पांढरी होत चालली. दुसऱ्या यंत्रापर्यंत ती चाचपडतच पोचली. तिसरं यंत्र कोपऱ्यात होतं. तिथे जायला वळली, तर तिथून आधीच फुत्कार येत होता. त्यापाठोपाठ जावेची किंकाळी. ती बाहेर गेलीच नव्हती.

"काय झालं गं?"

"काही नाही, मनगट भाजलं! तुम्ही तुमचं बघा, ताई!"

मग बराच वेळ नुसता वाफेचा आवाज. किती वेळ, ते नंतर कोणालाच सांगता आलं नाही. शेवटी आतून एक्सप्रेसचा घोगरा आवाज आला. "उतरतोय. उतरतोय काटा."

तिघं रस्त्यावर आली तेव्हा भिजून चिंब होती. इस्त्रीवाल्या बायकांनी जावेचा हात थंड पाण्याच्या बादलीत धरला. न्हावी पांढराफटक पडला होता, पण त्याची जीभ शाबूत होती. "गिऱ्हाईक पळालं," तो म्हणाला. "एक गाल तसाच घेऊन. आता दुसऱ्या न्हाव्याकडे जाईल आणि नाव माझं खराब होईल."

कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच खाली बसला.

एक्सप्रेस भिंतीला टेकून उभा होता. "तो व्हॉल्व्ह लवकर गळायचा," तो खाली बघत म्हणाला. "वाफ पुरेना. इस्त्री नीट तापेना. म्हणून मी त्याचा स्क्रू आवळला. त्यावर पाण्याचा खारही साचला असणार. त्यानंतर साहेब येऊन गेला की! सही करून गेला. मला वाटलं, सही झाली म्हणजे ठीक असेल."

"साहेबाने आत पाऊल टाकलं नव्हतं, भावोजी. हे तुम्हाला माहीत होतं. मलाही." तिचा घसा वाफेने बसला होता. "त्याची सही खोटी आहे हे कळत असून आपण निवांत राहिलो. का, तर ती त्याच्या नावाची होती."

तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर आला. रस्त्यावरची ओली माणसं ओलांडून, बूट सांभाळत. "कागद तयार आहे ना?" त्याने विचारलं.

"नाही. बॉयलर सुरक्षित नाही. दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवणार."

"हळू बोला." त्याने आजूबाजूला पाहिलं. "हे पाहा, मी बॉयलर बघायला आलेलो नाही. तो तुम्ही सावकाश दुरुस्त करा, मला काय? मला आज कागद न्यायचाय. चौकातल्या लॉन्ड्रीवाल्याने सही करून ठेवलीय. तुमचं काम चांगलं, म्हणून आधी इकडे आलो."

"खोटी सही करू?"

"आता विचारणारं कोण आहे?"

वहिनीने मान हलवली. मॅनेजर एक्सप्रेसकडे वळला. "तुम्ही भागीदार ना? जबाबदार माणूस म्हणून तुमची सही असली तरी चालतं." त्याने खिशातलं पेन काढून पुढे केलं.

एक्सप्रेसने ते घेतलं.

हे काम मिळवायला तो किती दिवस त्या हॉटेलच्या पायऱ्या झिजवत होता, ते तिने पाहिलं होतं. बोलावं तर भर रस्त्यात दिराचा अपमान. न बोलावं तर सही होणार. एक्सप्रेसने टोपण काढलं, कागद मांडीवर घेतला. बादलीतून जावेने हात वर काढला होता. मनगटावरची कातडी लालबुंद होऊन फुगत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने टोपण लावलं आणि पेन परत केलं. "परवाना वहिनींचा आहे," तो म्हणाला. "आणि स्क्रू मी आवळलेला आहे. माझी सही कसली घेता?"

मॅनेजर चौकाकडे निघून गेला.

पुढचे काही आठवडे लॉन्ड्रीने विजेच्या साध्या इस्त्र्यांवर कसंबसं काम रेटलं. बॉयलरमध्ये काय काय बिघडलंय हे कोणा जाणत्याने पाहावं, म्हणून वहिनी सरकारी कचेरीत गेली. तिथला कारकून गोंधळला.

"तपासणी हवी? बाई, तपासणी तर बंद केली. तुमच्याच सोयीसाठी! आता मालकच तपासतो."

"मला बॉयलरमधलं कळत नाही हो."

"कळतं असं सरकारने धरून चाललंय," तो म्हणाला, आणि बिचारा चेष्टा करत नव्हता.

शेवटी कारखान्यात बॉयलर बसवणारा एक मिस्त्री पदरमोड करून आणला. त्याने व्हॉल्व्ह बदलला, खार खरवडला, पाण्याचा दाब देऊन सगळे सांधे पाहिले. त्याचं काम होईपर्यंत वहिनी आणि एक्सप्रेस दोघंही शेजारी उभी राहिली. हे काय, ते काय, विचारून त्यांनी त्याला भंडावून सोडलं. मग नवा व्हॉल्व्ह उडवून पाहिला आणि वहिनीने सही केली.

एक गोष्ट मात्र तिला स्वस्थ बसू देईना. चौकातली लॉन्ड्री आता हॉटेलच्या चादरींनी भरून वाहत होती, आणि तिथला मालकही आत न जाताच सही करणाऱ्यांपैकी असणार. एका सकाळी ती दिराला घेऊन तिकडे गेली.

मालकाने ऐकून घेतलं आणि हसला. "काम हातचं गेलं, म्हणून पोटात दुखतंय होय?"

"दुखतंय, खोटं कशाला बोलू?" वहिनी म्हणाली. "पण माझा बॉयलर फुटता फुटता राहिला. तुमचा एकदा बघा."

त्याने त्यांना दारातूनच वाटेला लावलं. पण त्याच्या इस्त्रीवाल्या बायका सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. आधी व्हॉल्व्ह उडवून दाखवा, मगच आत येऊ, म्हणाल्या. मालकाने बराच आरडाओरडा केला. मग वहिनीला आणि एक्सप्रेसला मुद्दाम बोलावून घेतलं, चारचौघांत त्यांची जिरवायची म्हणून, आणि भट्टी पेटवायला सांगितली.

काटा चढला. काटा रेघेला टेकला न टेकला तोच व्हॉल्व्ह उघडला आणि वाफ सणसणत वर गेली. चोख. बायका आत गेल्या. मालकाने वहिनीकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या.

परतीच्या वाटेवर एक्सप्रेस पहिल्यांदाच हळू चालत होता. "उगाच तोंडघशी पडलो," तो म्हणाला. "त्याचा तर ठणठणीत निघाला."

"ठणठणीत निघाला, याचं बरं वाटलं नाही का?"

"वाटलं. पण हॉटेल गेल्याचंही वाटतंय."

"मलाही वाटतंय," वहिनी म्हणाली. "चला, बायका येऊन थांबल्या असतील."