सवलतीची यंत्रं

थोरल्या सुनेला सगळी गल्ली ‘फिटर वहिनी’ म्हणायची. पिशव्या भरणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ती जोडणीचं काम करी. नखांतलं ग्रीस लग्नाकार्यालाही पुरतं निघत नसे. वरच्या मजल्यावर तिचा दीर राहायचा. परदेशी माल मागवून विकणं हा त्याचा धंदा.

सरकारनं एका देशाच्या यंत्रांवरचा आयातकर माफ केला आणि दिरानं नेमकी पिशव्या भरायची यंत्रं आणली. ती इतकी स्वस्त पडू लागली, की कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या. जोडणी विभाग बंद झाला, वहिनी घरी बसली.

त्याच संध्याकाळी दीर खाली आला. “वहिनी, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे या. यंत्रं बसवून द्यायला माणूस लागतोच.”

“पुढ्यातलं ताट ओढलंत, भावजी, आणि आता त्यातलाच घास भरवायला आलात?”

“कायदा मी केला का?”

“नाही. तुम्ही नुसते टपून बसला होतात.”

“अगं, धाकटा आहे तो,” नवरा पुटपुटला.

“म्हणून तर एवढ्यावर थांबले.”

त्यानंतर जिन्यात गाठ पडली तरी दोघं माना फिरवत. जावेनं पाठवलेलं वाटीभर कालवणही ती आल्या पावली परत करी. शिलाई मशिनं दुरुस्त करून ती दिवस ढकलू लागली.

पुढे वारं फिरलं. सरकारनं सवलत काढून घेतली. दिराचा माल बंदरात अडकला. कर भरून सोडवला तर त्या भावात गिऱ्हाईक मिळेना. वहिनीनं मात्र तडक कारखाना गाठला. मालक फाटकातच भेटला.

“आता ऑर्डरी येतील ना, साहेब?”

“येतीलही. पण बनवू कशावर? लेथ, ड्रिल सगळं विकलं. कारागीर पांगले. आणि उद्या सवलत परत आली म्हणजे? मी नाही आता त्या फंदात पडत.”

त्याच्यामागे, जोडणी विभागात, कुणाच्या तरी गाद्यांचे ढीग लागले होते.

ती परतली तेव्हा दीर पायरीवर बसला होता. “वहिनी, पार बुडालो मी.”

हे ऐकून आपल्याला गार वाटेल, असं तिनं कितीदा मनाशी म्हटलं होतं. उलट तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“माझं काम घालवलंत, आणि ज्या धंद्यापायी घालवलंत, तोही टिकवता आला नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “सरका.”

तो सरकला. महिन्याभरात वरचा मजला विकून तो दुसरीकडे गेला. कपाटं उतरवायला नवरा गेला. ती दुरुस्तीला घेतलेलं मशिन सोडून उठली नाही.