बुजवलेला शुक्र

उजेडाच्या टेबलावर तिने पहिली काच ठेवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचेच्या त्या जुन्या निगेटिव्हवर सूर्य म्हणजे काळा गोल. त्या गोलात काहीच नव्हतं. दुसरी काच लावली, मग तिसरी, मग सगळी पेटीच रिकामी केली. शुक्र कुठेही नाही.

महिन्यापूर्वी संग्रहालयाच्या तळघरात ही पेटी उघडली, तेव्हा धुळीतूनसुद्धा प्रत्येक सूर्यावर एक पारदर्शक ठिपका तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दीडशे वर्षांपूर्वी एक छायाचित्रकार मोहिमेबरोबर समुद्रापार गेला होता, सूर्यासमोरून सरकणारा शुक्र टिपायला. मोहिमेच्या प्रमुखाने परतल्यावर स्वतःचा गलथानपणा झाकायला सरळ सांगून टाकलं, हा दारू पिऊन पडला होता, एकही फोटो आला नाही. बिचारा तो कलंक घेऊनच मेला. तो पुसायला तिने तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. पुरावा काय तो या काचा, आणि धूळ काढल्याशिवाय त्यांचे फोटो घ्यायचे नाहीत, हा संग्रहालयाचा नियम. काच हाताळणारं त्यांच्याकडे कोणी नव्हतं, तेव्हा तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझ्या बाबांना बोलवा."

बाबांची उभी हयात फोटो स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करण्यात गेलेली. आता ते कोपऱ्यात बसून ब्रश धूत होते.

"बाबा, इथे ठिपका होता."

"होता ना. सगळ्या काचांना भोकं. शाईनं बुजवली." ते खुशीत होते. "तशीच ठेवली असती तर छापल्यावर काळे डाग उठले असते. आमच्याकडे अशानं चांगल्या चांगल्या नवरदेवांच्या नाकावर तीळ उगवायचे."

"ते भोक नव्हतं. तो शुक्र होता. अख्खा ग्रह बुजवलात तुम्ही!"

बाबांचा हात थांबला.

"पुसा ती शाई. आत्ताच्या आत्ता पुसा."

"पाणी लागलं की खालचा चित्राचा थरच सुटेल, पोरी. जुना आहे तो."

"प्रत्येक काचेवर ठिपका थोडा पुढे सरकलेला होता. तेवढंही दिसलं नाही? डोळे कुठे गेले होते तुमचे?"

"दिसलं. म्हणून तर तुला फोन केला होता. हे आहे तरी काय, विचारलं. तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही फक्त साफ करा."

तिचा संताप अजून तस्साच होता, पण तो आता बाबांवर फेकता येईना. सांगायला एक मिनिट लागलं असतं. तेवढं एक मिनिट तिच्याकडे नव्हतं.

आवाज ऐकून संग्रहालयाच्या संचालकबाई आत आल्या. टेबलावरच्या काचा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी केलं?"

"मी," बाबा उठून उभे राहिले. "म्हातारा झालो, बाई. हिनं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. चूक माझीच."

संचालकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून.