उघाडी मिटेना

पहाटे साडेपाचला, पाणी पार ओसरल्यावर, मृणालीनं खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरची उघाडी उघडली. शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीकडे धावलं. उघाडीचं हे लोखंडी दार मोटरीवर चालतं, मोटर कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर मृणालीनं बसवलेला. अलिबागला कॉम्प्युटरचंच काम करणारी गावची लेक. गावानं विश्वासानं उघाडीचा कारभार तिच्या हाती दिला.

भरतीला अवकाश होता. तेवढ्यात कॉम्प्युटरचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा करून घेऊ, असं तिला वाटलं. डिस्कवर जागा पुरेना, म्हणून जुना पुसला. नवा चढला, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि मोटर मुकी झाली.

मोटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नव्या कर्नलसोबत आला होता, पण नव्या रीतीनं आवळून बांधलेला. त्याची गाठ सोडून तो कर्नलला जोडणारं टूल मात्र आठ वर्षांपूर्वीचं. त्याला गाठच सुटेना. आधी टूल, मग कर्नल, हे ती ऑफिसात दुसऱ्यांना शिकवायची.

"दार पाड गो बाय," उघाडी राखणारे भागोजीकाका म्हणाले. "आज आवस. तिथी पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तवा भरती पुरी. नवाला पानी दाराच्या उंबऱ्याशी येल."

"करते, काका."

"हाताचं चाक असतं तर..." काका दाराकडे बघत म्हणाले. मोटर बसवताना दार हातानं फिरवायचं ते चाक कापून टाकलं होतं.

मोबाईलच्या नेटवर तिनं नवं टूल मागवलं. टूल म्हणालं, मला लायब्ररी दे. लायब्ररी म्हणाली, मला कंपायलर दे. कंपायलर म्हणाला, मला जागा दे. जागा कुठून देऊ रे बाबा, जागेपायीच तर जुना घालवला! तिनं उघाडीच्या तीन वर्षांच्या नोंदी पुसल्या. नेटची एकच दांडी, तीही मध्येच विझायची.

नऊ वाजता उंबरा भिजला. भागोजीकाकांनी चार गडी हाकारून उघाडीच्या तोंडात पेंढा आणि चिखल टाकला; खाडीनं तो हसत हसत आत वाहून नेला.

उघाडीला लागूनच बायजाकाकीचं शेत. आठ दिवसांपूर्वी भाताची लावणी झालेली. काकी येऊन मृणालीच्या मागे उभी राहिली.

"तुझं मशीन उपाशी हाय का गो? बोंबील घालू त्याला?"

मृणालीला हसू आलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या, बांधाखाली पाणी सरकत होतं. कोण आधी पोचेल, याकडे बघायची तिची छाती होईना.

दहा चाळीसला टूल तयार झालं. ड्रायव्हर जोडला गेला. मोटर गुरगुरली, दार खाली आलं. आतल्या पाण्यात भाताचे शेंडे तेवढे दिसत होते.

काकीनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि ती खारट चव थुंकून टाकली.

"उघड परत. जाऊ दे भाईर."

"बाहेर पाणी अजून उंच आहे, काकी. दीड वाजल्याशिवाय नाही उघडता येणार."

"तवर मुळं जगतील?"

"न्हाय," काकांनी उत्तर दिलं.

काकी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि हाताला लागेल ते रोप उपटू लागली. "वरच्या खाचरात गोडं पानी हाय. हुभी काय ऱ्हायलीस? झेल!"

मृणालीनं लॅपटॉप बांधावर तसाच उघडा टाकला आणि दोन्ही हात पुढे केले.